पाठराखीण बाळंतिणीलाही हवी

नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण देण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. आत्या, मावशी, धाकटी बहीण, कुणीतरी जाऊन चार दिवस राहतं. घर नवं, माणसं नवी, पोरीला पहिल्याच दिवशी बावरल्यासारखं होऊ नये, एवढाच त्यामागचा साधा विचार. तीच मुलगी पुढे पहिल्या बाळंतपणाला लातूर-वाशीमकडच्या माहेरी येते आणि दीड-दोन महिन्यांचं बाळ दुपट्यात गुंडाळून चाकणला, वाघोलीला किंवा पनवेलला परत जायला निघते. नवरा न्यायला आलेला असतो, डिंकाचे लाडू डब्यात भरलेले असतात, बाळंतविडा पिशवीत असतो. या वेळी पाठराखीण मात्र कुणी देत नाही. शहरात राहणाऱ्या पहिलटकरणींना ‘मला हे जमत नाहीये’ असं जे वाटू लागतं, त्याचा उगम बहुतेक वेळा या परतीच्या आठवड्यांत असतो. हा काळ सावरून धरणं हे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचं काम आहे, आणि ते आज जवळजवळ कुणीच करत नाही, असं आमचं ठाम म्हणणं आहे.

आत्मविश्वास हा स्वभावातला गुण आहे, कुणात असतो आणि कुणात नसतो, असं समजून आपण बोलतो. ‘ती जरा घाबरटच आहे’ म्हणतो आणि विषय संपवतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये याची वेगळी मांडणी केली. ‘हे काम मला जमेल’ ही भावना चार वाटांनी येते, असं त्यांनी दाखवलं: स्वतःच्या हाताने काम करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाने ‘बरोबर चाललंय’ असं सांगणं, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. चारांतली पहिली वाट सगळ्यांत भक्कम. आता या चार वाटा बाळंतिणीच्या खोलीत नेऊन पाहा. माहेरी शेवटच्या तीन तिला भरभरून मिळतात. पहिलीच मिळत नाही, कारण सव्वा महिना तिला काही करूच दिलं जात नाही.

आंघोळीचंच घ्या. माहेरी बाळाला न्हाऊ घालते आई, आजी किंवा तेलपाण्याला येणारी बाई. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, दोन पायांच्या मधल्या खोलगटीत बाळ घ्यायचं, शेजारी एक जण पाण्याचं घंगाळ घेऊन बसणार, दुसरी टॉवेल धरून उभी. लेक खाटेवरून बघते. चाळीस दिवसांत चाळीस आंघोळी तिने पाहिलेल्या असतात आणि घातलेली एकही नसते. मग शहरातल्या घरात, सकाळी नवरा कामावर गेल्यावर, तीन बाय चार फुटांच्या मोरीत ती बाळाला घेऊन उभी राहते. तिथे पाय लांब करायला जागा नाही. फरशी गुळगुळीत, गीझरचं पाणी कधी कोमट तर कधी चटका देणारं, आणि हात दोनच. पाहिलेली पद्धत त्या जागेत बसतच नाही. बाळ निसटता निसटता वाचलं की तिचे हात दिवसभर कापतात, दुसऱ्या दिवशी आंघोळ टळते, आणि मनात पक्कं होतं की आपण या कामाच्या नाही.

खरं तर तिला फक्त त्या जागेत बसणारी दुसरी पद्धत हवी असते. प्लास्टिकचा टब किंवा रुंद घमेलं घ्यायचं, ते मोरीत न ठेवता खोलीत जमिनीवर ठेवायचं. तळाला जुना टॉवेल घालायचा म्हणजे बाळ घसरत नाही. आधी गार पाणी, मग गरम, एकूण चार बोटं भरेल इतकंच, आणि कोपर बुडवून पाहायचं, कारण रोज गरम भांडी हाताळणाऱ्या तळहाताला चटका कळत नाही. साबण, कोरडं दुपटं, झबलं, लंगोट सगळं उजव्या हाताच्या टप्प्यात. डाव्या हाताचा पुढचा भाग बाळाच्या मानेखाली आणि त्याच हाताची पकड पलीकडच्या दंडावर, ही पकड जमली की निम्मं काम झालं. डोकं सगळ्यांत शेवटी भिजवायचं, कारण डोक्यातूनच बाळ लवकर गार पडतं. पाच मिनिटांत बाहेर. मध्ये दाराची बेल वाजली तर बाळ गुंडाळून बरोबर न्यायचं, ‘एक मिनिट’ म्हणून पाण्यात सोडायचं नाही. आठवड्यातून दोन-तीन आंघोळी पुरतात, बाकीचे दिवस ओल्या फडक्याने पुसलं तरी चालतं. एवढं कुणीतरी शेजारी बसून तिच्याकडून तीन वेळा करून घेतलं तर चौथ्या वेळी तिला कुणाची गरज पडत नाही.

आता परतीची वेळ पाहा. सव्वा महिना झाला की अनेक जणी निघतात, म्हणजे बाळ साधारण सहा आठवड्यांचं असतं. नेमकं याच सुमाराला बाळाचं रडणं सर्वांत वाढलेलं असतं. संध्याकाळी सुरू होतं, दोन-दोन तास चालतं, काही केल्या थांबत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरतं. याच सुमाराला आईची छाती पूर्वीसारखी दाटत नाही, हाताला मऊ लागते, कारण बाळाला लागेल तेवढंच दूध शरीर आता बनवू लागलेलं असतं. दिवसाला पाच-सहा वेळा शी करणारं बाळ आता दोन-तीन दिवस शीच करत नाही. शी मऊ असेल आणि बाळ नीट पीत असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळात हेही चालण्यासारखं असतं. दीड महिन्याचे डोस याच आठवड्यात. पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीनंतर एक-दोन दिवस ताप आणि मांडीवर गाठ येते. हे चारही बदल आई-बाळ सुदृढ असतानाच होतात. पण माहेरचं सहा माणसांचं घर सोडून ती दोन माणसांच्या घरात आली त्याच आठवड्यात होतात, आणि ती स्वाभाविकच दोन्हींची सांगड घालते: मी एकटीने सांभाळायला लागले आणि बाळ बिघडलं.

आरोग्यसेवेचं वेळापत्रकही तिथेच तुटतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईच्या सहा घरभेटी ठरलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्यानंतरचा टप्पा तिसऱ्या महिन्यात सुरू होतो आणि पंधराव्या महिन्यापर्यंत चालतो. बेचाळिसावा दिवस ते तिसरा महिना या मधल्या काळात कागदावरही कुणाची भेट नाही. नेमक्या त्या काळात ती गावच्या यादीतून बाहेर पडलेली असते आणि शहराच्या यादीत आलेली नसते. शहरात आशा नेमतात त्या मुख्यतः झोपडपट्टी आणि वंचित वस्त्यांसाठी, दोनशे ते पाचशे घरांमागे एक. भाड्याच्या वन बीएचकेत राहणारी कारखाना कामगाराची बायको त्यात मोजली जात नाही. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या अनेकदा कुठल्याच नोंदीत नसतात. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये हप्त्यांनी खात्यात जमा होतात, ती मदत मोलाची आहे. पण त्या पैशांत शेजारी बसणारं माणूस येत नाही.

याची खंत महाराष्ट्राला जास्त वाटायला हवी, कारण नवजात बाळाची काळजी घरात जाऊन घेण्याचा धडा देशाला याच मातीने दिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. श्वास मोजणं, वजन करणं, बाळ ऊबदार ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं हे त्यांनी झोपडीत बसून केलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाने नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचं दाखवलं, आणि २०११ पासून तेच काम आशांच्या हाती देशभर गेलं. ते काम जीव वाचवण्यासाठी होतं आणि त्याने जीव वाचलेच. पण घरी येणारी बाई आईच्या देखत बाळाचं वजन करते, काटा वाचून दाखवते, ‘बघ, दोनशे ग्रॅमने वाढलं’ म्हणते, तेव्हा आईच्या मनातही काहीतरी वाढतं, याकडे आपण पुरेसं लक्ष दिलं नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख आहे, लसींचे रकाने आहेत. आईला काय जमतंय आणि कशाची धास्ती वाटते यासाठी रकाना नाही. हे मोजता येत नाही असंही नाही. ऑस्ट्रेलियात तयार झालेली कॅरिटेन पालकत्व आत्मविश्वास मापनपट्टी अवघ्या पंधरा प्रश्नांची आहे.

सगळ्यांत जास्त पडझड होते ती ‘दूध पुरत नाही’ या तीन शब्दांनी. संध्याकाळी बाळ तासातासाला ओढतं, छाती मऊ लागते, शेजारीण म्हणते पोट भरत नसेल, वरचं द्या. साठ मिलिलिटर पावडरचं दूध पिऊन बाळ तीन तास झोपतं, आणि तिला पुरावा मिळतो. त्या तीन तासांत एक पाजणी चुकलेली असते. जेवढं ओढलं जातं तेवढंच बनतं, हा शरीराचा हिशोब असल्याने उद्या थोडं कमी बनतं, परवा दुसरी बाटली लागते. पंधरा दिवसांनी दूध खरंच कमी झालेलं असतं आणि पावडरचा डबा महिनाअखेरीपर्यंत पुरवण्यासाठी घरात त्या दुधात पाणी वाढवायला सुरुवात झालेली असते. या सगळ्याच्या मुळाशी असतो एक अंदाज, जो कुणी तपासलेला नसतो.

तपासणं अवघड नाही. चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात का, हे पाचव्या-सहाव्या दिवसापासून पुढे मोजायचं. एकाच काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करायचं: पहिल्या तीन महिन्यांत रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला सुमारे दोनशे. ही दोन्ही ठीक असतील तर दूध पुरतंय, मग बाळ कितीही रडो. (जन्मानंतरच्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला येतं. हे सांगितलेलं नसल्यामुळे कितीतरी घरांत पहिली बाटली तेव्हाच येते.) ठीक नसतील तर आधी बाळाची स्तनावरची पकड पाहायची. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसतो, अशी पकड असेल तर दूध नीट ओढलं जातं. नुसतं टोक तोंडात असेल तर बाळ दमतं, आईला भेगा पडतात, दुखण्याच्या धास्तीने पान्हाही लवकर फुटत नाही.

आणि ही पकड व्हिडिओ कॉलवर दिसत नाही. पलीकडून आईचा चेहरा दिसतो, धीर येतो, पण कॅमेऱ्याला बाळाचं डोकं दिसतं, हनुवटी झाकलेली राहते. इथे कुणीतरी दीड हातावर बसलेलं लागतं.

‘पूर्वीच्या बायकांनी दहा-दहा पोरं वाढवली, त्यांना कुठे कोण शिकवायला होतं?’ हा आक्षेप नेहमी येतो. त्यांना शिकवणारं घर होतं. बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरायची, जावेचं बाळ मांडीवर झोपवायची. स्वतःच्या पहिल्या बाळापर्यंत तिच्या हातांना पाच-सात बाळांचा सराव झालेला असायचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. आजच्या अनेक मुलींनी हातात घेतलेलं पहिलं तान्हं बाळ म्हणजे त्यांचं स्वतःचंच असतं. तिला न येणं हा तिचा दोष कसा?

दुसरा आक्षेप उलट बाजूचा, आणि तो जास्त गंभीर आहे. घरच्या वडीलधाऱ्या बायका चुकीचंच शिकवतात, त्यापेक्षा त्या नसलेल्या बऱ्या, असं काही डॉक्टरही बोलून दाखवतात. चुकीचं शिकवलं जातं हे खरं आहे. चिकाचं दूध पिळून टाकणं, मध चाटवणं, गुळाचं पाणी पाजणं, नाका-कानात तेल सोडणं, बंद खोलीत धुरी देणं, तान्ह्या मुलीची छाती पिळणं हे सगळं थांबलंच पाहिजे. वर्षाच्या आत मध देणं तर धोक्याचंच. पण आजीची माहिती चुकीची होती म्हणून आजीची सोबतही निरुपयोगी ठरत नाही. रात्री दोन वाजता बाळ घेऊन फेऱ्या मारणारं दुसरं माणूस हे औषधच आहे. शहराने काय केलं, तर चुकीच्या माहितीबरोबर सोबतही काढून घेतली आणि त्या जागी मोबाइल दिला. त्यावर एक बाई सांगते घड्याळ लावून पाजा, दुसरी सांगते मागेल तेव्हा पाजा, सासूबाई फोनवर घुटी द्या म्हणतात, दवाखान्यातल्या भिंतीवर सहा महिने पाणीही नको असं लिहिलेलं. चार तोंडांनी चार गोष्टी ऐकणारी आई काहीही केलं तरी तिघांच्या मते चुकतेच. तिला एकच विश्वासाचं माणूस हवं, आणि ते दर वेळी तेच असावं.

मग करायचं काय? सुरुवात प्रसूतिकक्षापासून व्हावी. सुखरूप प्रसूतीनंतर दोन दिवसांत घरी सोडतात, आणि दूध खऱ्या अर्थाने उतरतं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. छाती दाटून दगडासारखी होते तेव्हा परिचारिका सोबत नसते. म्हणून सोडण्याआधी हाताने दूध काढणं, पकड लावणं आणि सोडवणं, लंगोट बदलणं या गोष्टी आईने स्वतः करून दाखवल्या का, हे सुट्टीच्या कागदावर टिपलं जावं. नुसतं ‘समुपदेशन केले’ असा शिक्का पुरेसा नाही.

माहेरच्यांनी शेवटचे पंधरा दिवस राखून ठेवावेत. पहिले काही दिवस लेकीने बाळ धरायचं आणि आईने न्हाऊ घालायचं, मग उलट, मग आई नुसती शेजारी, आणि निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस आई दाराबाहेर. शेकशेगडीइतकंच हेही बाळंतपणातलं काम मानलं जावं. आणि जमेल त्या घरातून कुणीतरी पंधरा दिवस बरोबर जावं. सगळ्यांना जमणार नाही. पेरणीचे दिवस असतात, घरात दुभती जनावरं असतात. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कित्येक जणी तर बाळंतपणाला माहेरी जाऊही शकत नाहीत, आणि इथल्या फलकांवरची मराठी त्यांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठीच व्यवस्थेची पाठराखीण लागते.

बापाच्या रजेचाही विचार नव्याने करायला हवा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. बहुतेक जण ती जन्माच्या वेळी संपवतात, जेव्हा माहेरचं घर माणसांनी भरलेलं असतं. तीच रजा परतीच्या पंधरवड्यात घेतली तर दुप्पट कामी येईल. खासगी क्षेत्रात अशी रजा देण्याची कायद्याची सक्तीच नाही, ती यायला हवी. तोवर रात्रपाळी निदान महिनाभर बदलून देणं कुठल्याही कारखान्याला अशक्य नाही.

महापालिकांकडून मागणी एकच आहे: भेट बाईच्या पत्त्यामागे जावी, झोपडपट्टीच्या नकाशामागे नको. गावची आशा बाळंतीण निघण्याआधी शहरातल्या आरोग्य केंद्राला फोन करेल, आणि पोचल्यापासून आठवड्याच्या आत तिकडची आशा किंवा एएनएम (आरोग्यसेविका) घरी जाईल, मग ते घर सोसायटीत असो वा पत्र्याच्या खोलीत. पंधरा दिवसांत तीन भेटी, मग तिसऱ्या महिन्यापासूनचं नेहमीचं वेळापत्रक. या भेटीचा मोबदला आशाताईला वेगळा मिळावा, आधीच दबलेल्या बाईवर फुकटचा बोजा नको. अंगणवाडीत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा दोन ते सहा महिन्यांची बाळं असलेल्या दहा-बारा आया तासभर बसल्या, तर बांडुरांची दुसरी वाट आपोआप उघडते. तीन महिने पुढे असलेली आई जेव्हा म्हणते ‘माझंही असंच रडायचं’, तेव्हा ते तज्ज्ञाच्या सांगण्यापेक्षा खोल जातं.

या भेटीत आईलाही विचारावं. झोप मिळते का, जेवण वेळेवर होतं का, रडू येतं का. पहिल्या दोन आठवड्यांतलं हळवेपण बहुतेकींचं निवळतं. त्यापुढे उदासी टिकली, बाळाकडे पाहावंसं वाटेना, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक छापावा. त्याखाली बाळाला तातडीने कधी न्यायचं तेही: पिणं बंद झालं, मलूल पडलं, झटका आला, श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जातोय, तळहात-तळपाय पिवळे. शांत बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजून दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिन्यांनंतर ५० किंवा अधिक भरले, तर थांबायचं नाही. कशाला घाबरायचं हे नेमकं माहीत असलं की बाकीच्या शंभर गोष्टींची भीती आपोआप कमी होते.

आणि शहरातल्या त्या पहिल्या भेटीत आशाताईने बाळाला आधी हातच लावू नये. हात मांडीवर ठेवून एक पाजणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघावी. आईला बरोबर जमलेल्या तीन गोष्टी नावानिशी सांगाव्यात: ‘मान छान धरलीस, हनुवटी टेकली आहे, त्याने सोडेपर्यंत तू थांबलीस.’ चूक असलीच तर एकच सांगावी आणि ती तिच्याच हातांनी सुधारून घ्यावी. मग वजन करावं, काटा तिला वाचायला लावावा, अडीच महिन्यांच्या डोसांची तारीख कार्डावर लिहावी, आणि तारखेखाली स्वतःचा मोबाइल नंबर.